दादाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट : डोनर अनोळखी असताना

दादाचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) केमोने रेमिशनमध्ये आला, म्हणजे तपासणीत दिसेनासा झाला, तरी तो उलटण्याची भीती मोठी होती. डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटच सांगितला. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. माझं निम्मंच जुळलं. त्या रात्री मी फार रडले.

मग रजिस्ट्रीत, म्हणजे पेशी द्यायला तयार असलेल्या लोकांच्या यादीत, शोध सुरू झाला. जगभरच्या रजिस्ट्र्यांत चार कोटींहून जास्त डोनर आहेत, पण एचएलए वंशपरंपरेने येतं, त्यामुळे आपल्या माणसाला आपल्याच भागातला डोनर जुळण्याची शक्यता जास्त. भारतीय नावं अजून फार कमी आहेत. आम्हाला पूर्ण जुळणारा तरुण डोनर मिळाला. वय महत्त्वाचं असतं, डोनर तरुण असेल तर निकाल बरे लागतात, हे मला तेव्हाच कळलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "यश किती टक्के?" ते म्हणाले, "ताई, कशाचं यश? पेशी रुजण्याचं, आजार न उलटण्याचं, की पेशंट जगण्याचं?" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मी वाचायला बसले. 2007 सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात एचएलएच्या आठपैकी आठ खुणा जुळलेले 52 टक्के पेशंट वर्षभरानंतर हयात होते, सात जुळलेले 43 टक्के आणि सहा जुळलेले 33 टक्के. माझ्या पोटात गोळाच आला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावलं की ते ट्रान्सप्लांट 1988 ते 2003 मधले होते, आणि त्यात आजार खूप बळावलेले पेशंटही होते. दादा रेमिशनमध्ये होता. शिवाय आता पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देतात, त्याने जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर केलेला हल्ला, बराच आटोक्यात राहतो. म्हणून कळकळीने सांगते, नेटवर आकडा दिसला की आधी तो कुठल्या सालचा आणि कुठल्या पेशंटांचा आहे ते बघा.

पेशी चढवायला रक्ताच्या बाटलीएवढाच वेळ लागला. त्यानंतरचे दिवस कठीण गेले. तोंडभर फोड, ताप, रक्तपेशींचे काउंट शून्याला टेकलेले. काउंट वर आले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा आनंदल्या. घरी आल्यावर सीएमव्ही या विषाणूने डोकं वर काढलं, पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं.

दादाला पेशी डोनरच्या रक्तातून काढून दिल्या होत्या, थेट हाडातला मॅरो नव्हता. 2012 च्या एका चाचणीत दोन्ही पद्धतींत दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, पण रक्तातल्या पेशींनंतर दीर्घकाळचा जीव्हीएचडी 53 टक्क्यांना झाला, मॅरोनंतर 41 टक्क्यांना. दादा त्या 53 मधला निघाला. डोळे कोरडे पडतात, तिखट सोसत नाही, कातडी ताठरते. "बरा झाला ना?" असं नातेवाईक विचारतात तेव्हा वहिनी "आजार नाहीये" एवढंच म्हणते. तिचं उत्तर मला अगदी अचूक वाटतं.

कायमेरिझमच्या, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती हे सांगणाऱ्या, रिपोर्टात सगळ्या पेशी डोनरच्या आहेत. रक्तगटही बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला. लहानपणीच्या लसींचं संरक्षण पुसलं गेल्यामुळे त्या आता पुन्हा पहिल्यापासून सुरू आहेत. स्टेरॉइड हळूहळू कमी करताहेत. डोनरचं नाव आम्हाला सांगितलेलं नाही. वहिनीने रजिस्ट्रीमार्फत त्याला निनावी पत्र पाठवलं आहे.