त्या बाटलीत काय आहे?

पहिल्यांदा घरी येणारा माणूस चहा येईपर्यंत भिंतीवरच्या चित्राकडे बघून विचारतोच, "हे आजोबा कोण? तुमचे सासरे का?" परवा तुम्हीही विचारलंत आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. म्हणून आता नीट सांगते.

ते लुई पाश्चर, पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर टोचायची लस काढणारे फ्रेंच शास्त्रज्ञ. फिनलंडच्या अल्बर्ट एडेलफेल्टनं १८८५ साली हे चित्र रंगवलं. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. माझ्याकडची छापील प्रत, तीही पावसाळ्यात एका कोपऱ्यात फुगलेली. मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एप्रन विसरलेल्या पोराला आत पाऊल टाकू द्यायचे नाही. आणि हे महाशय बघा, काचेच्या भांड्यांच्या गराड्यात काळा कोट घालून उभे, जसे लग्नालाच निघालेत!

पण चित्र लावलंय ते त्यांच्यासाठी नाही, त्यांच्या हातातल्या बाटलीसाठी. त्यांची नजरही तिच्यावरच आहे. आत टांगलाय तो सशाचा मज्जारज्जू. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग सशाला मुद्दाम द्यायचा, तो मेला की मज्जारज्जू काढून असा वाळवायचा. तळाशी पोटॅशचे खडे, ते हवेतली ओल ओढून घेतात. दिवस जातील तसा त्यातला रोगाचा जोर उतरतो. पंधरवड्यानं जवळजवळ काहीच उरत नाही. कुत्रं चावलेल्या माणसाला टोचायचं मात्र उलट्या क्रमानं. आधी सगळ्यात जुना तुकडा, मग रोज थोडा ताजा, शेवटी अगदी कालचा.

६ जुलै १८८५ ला अल्सास प्रांतातला ९ वर्षांचा जोसेफ माइस्टर आला, कुत्र्यानं ठिकठिकाणी फोडलेला. दहा दिवसांत त्याला १३ वेळा टोचलं. सुई धरली डॉक्टर ग्रांशेंनी, कारण पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. पोरगा जगला. आमच्या लहानपणी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आठवतं? ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे. तिची आजी म्हणजे ही बाटली.

आता खरी गोष्ट. मज्जारज्जू बाटलीत टांगायची युक्ती मुळात पाश्चरांची नव्हेच. ती त्यांचा सहकारी एमिल रू याची. पाश्चरबाईंचा भाचा आद्रियँ लुआर तिथंच मदतनीस होता. त्यानं पुढे लिहून ठेवलंय की पाश्चरांनी रूची बाटली पाहिली आणि तशाच आणखी करवून घेतल्या. रूला ते फार लागलं. पोटॅशचे खडे घालून वाळवणं ही पाश्चरांची भर, तेवढं श्रेय त्यांचंच. माइस्टरला टोचायची घाई रूला पटली नव्हती, त्या उपचारात तो सामील झाला नाही. पुढच्या वर्षी हे चित्र पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा लोकांनी पाहिलं ते पाश्चर आणि बाटली.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांसाठी भांडी मांडलेल्या बाईला हे जरा जास्तच दिसतं, कबूल. पण एडेलफेल्टला जागेची काही अडचण नव्हती. मागे टेबलापाशी एक माणूस सहज मावला असता, पाठमोरा का होईना.