पैसे शाळेवरच खर्च झाले ना, मग आक्षेप कशाचा?

अमेरिकेत स्कूल बोर्डावर निवडून आलेली किंवा डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसात नव्यानं रुजू झालेली मराठी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. टायटल वन, म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीची फेडरल ग्रँट. तिच्या पैशातून शिक्षिकेचा पगार दिला. शिक्षिका खरी, वर्ग खरा, मुलं खरी; तरी ऑडिटर खर्चावर बोट का ठेवतो? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

फेडरल ग्रँट ठरावीक कामासाठी असते, शाळेच्या सर्वसाधारण खर्चासाठी नाही. 2 सीएफआर 200 ही फेडरल ग्रँटच्या खर्चाची नियमावली विचारते की खर्च त्या कामाला आवश्यक होता का, वाजवी होता का, त्या ग्रँटच्या कामाला जेवढा उपयोग झाला तेवढाच वाटा तिच्यावर टाकला का, आणि कागद आहेत का. पहिल्या दोन प्रश्नांवर फारसं कोणी अडकत नाही. घात होतो तो वाट्याच्या प्रश्नावर, आणि तोही बहुतेक वेळा पगारात.

समजा, टार्गेटेड असिस्टन्स पद्धतीच्या, म्हणजे हा पैसा फक्त निवडलेल्या मुलांवर खर्च करणाऱ्या शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचन शिकवायला एक शिक्षिका नेमली आणि तिचा पूर्ण पगार टायटल वनवर टाकला. वर्ष सुरू होताच दुसरे एक शिक्षक नोकरी सोडून गेले, म्हणून मुख्याध्यापकांनी तिला पाचपैकी दोन तास नेहमीच्या वर्गावर पाठवलं. निर्णय शाळेच्या सोयीचा, हेतूही चांगला. पण पे-रोलला कोणी कळवलं नाही. पगार 80,000 डॉलर, वर 30 टक्के बेनिफिट्स, म्हणजे एकूण 1,04,000. त्यातले 40 टक्के, 41,600 डॉलर, चुकीच्या खात्यावर पडले. ऑडिटसाठी निवडलेल्या मोठ्या ग्रँटमध्ये 25,000 डॉलरच्या वरचा असा खर्च अहवालात येतोच.

बजेटमधला अंदाज वर्षभर वापरायला हरकत नाही, पण तो पुरावा नव्हे. प्रत्यक्ष कामाशी ताळा करून फरक वळता करावाच लागतो. म्हणून दर महिन्याला पे-रोलची यादी, म्हणजे कोण कोणत्या कोडवर (खर्चाच्या खात्यावर) किती टक्के, मुख्याध्यापकांकडे पाठवा आणि मास्टर शेड्यूलशी, म्हणजे शाळेच्या एकूण वेळापत्रकाशी ताडून परत मागवा. नेमणूक बदलली की त्याच दिवशी ग्रँट ऑफिसला ईमेल, हा नियम लेखी करा. एकाच कार्यक्रमावर असलेल्यांचं सहामाही प्रमाणपत्र आणि विभागून काम करणाऱ्यांचं मासिक वेळपत्रक ही जुन्या नियमांची पद्धत. आजचा नियम ठरावीक नमुना मागत नाही, पण तुमच्या लेखी धोरणात ती असेल तर ऑडिटर तीच मागणार. आणि सही काम झाल्यावर घ्या. ऑगस्टमध्येच घेतलेली वर्षभराची सही काहीच सिद्ध करत नाही.

निदान 40 टक्के मुलं गरीब कुटुंबांतली असली की शाळेला स्कूलवाइड, म्हणजे टायटल वनचा पैसा सगळ्या शाळेसाठी वापरणारा कार्यक्रम चालवता येतो आणि तिथं मोकळीक बरीच मिळते. तरी डिस्ट्रिक्टनं स्थानिक व राज्याचा पैसा वाटताना ती टायटल वन शाळा आहे म्हणून तिला कमी दिलं, तर तो नियमभंगच.

खरेदीचा कोड बिल आल्यावर ठरवू नका. पर्चेस ऑर्डर निघण्याआधी ग्रँटच्या मंजूर अर्जातली कोणती ओळ, हे तिच्यावर लिहिलेलं हवं. मागणी करणारा, मंजुरी देणारा आणि कोड टाकणारा एकच माणूस नको. तारखाही पाहा. वस्तूंचा खर्च लेखी बांधिलकीच्या तारखेला धरतात, कर्मचाऱ्याचं काम ज्या दिवशी झालं त्या दिवशी, प्रवास प्रत्यक्ष केला तेव्हा. 30 सप्टेंबरला संपणाऱ्या ग्रँटमधून ऑक्टोबरच्या प्रवासाचं विमानतिकीट ऑगस्टमध्ये काढलं, तरी ते बसत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जूनमध्ये, वर्षाचे हिशेब मिटवताना, खर्च एका खात्यातून दुसऱ्यात टाकणाऱ्या जर्नल एंट्रीची. ग्रँटमध्ये पैसे उरलेत, म्हणून जनरल फंडातून, म्हणजे सर्वसाधारण निधीतून आधीच भागवलेला खर्च तिकडे वळवायचा. तो खर्च ग्रँटविना झालाच होता, हे ती एंट्रीच सांगते. खरी दुरुस्ती असेल तर मूळ इन्व्हॉइस, चुकीचं कारण आणि एंट्री न करणाऱ्याची मंजुरी जोडा. ‘निधी शिल्लक होता’ हे कारण नव्हे. शिवाय एवढी घाई कशाला? टायडिंग्ज दुरुस्ती या फेडरल कायद्यातल्या मुदतवाढीच्या तरतुदीमुळे हा पैसा साधारण 27 महिने वापरता येतो. टायटल वनला मात्र पहिल्या 15 महिन्यांनंतर 15 टक्केच पुढे नेता येतात, आणि त्याहून जास्त नेण्याची सवलत राज्याकडून तीन वर्षांतून एकदाच मिळू शकते. म्हणून शिल्लक जानेवारीतच पाहा.

चूक वर्षाच्या मध्ये सापडली, तर खर्च लगेच स्थानिक निधीवर वळवा. ग्रँटमधून त्याचे पैसे आधीच मागून घेतले असतील तर पुढच्या मागणीतून तेवढी रक्कम वजा करा आणि कारणाची नोंद त्याच फाइलला लावा.