चावीच्या घड्याळापर्यंत

निवृत्तीच्या रकमेतून एक उंची घड्याळ घ्यायचे हे मी आधीच ठरवले होते. कोणते घ्यायचे हे ठरायला मात्र आठ महिने लागले. तबकडी आणि पट्टा लवकर पसंत पडले. घोडे अडले ते आतल्या यंत्रावर, म्हणजे घड्याळवाले ज्याला सरळ 'मशीन' म्हणतात त्यावर.

केवळ अचूकता पाहायची असती तर प्रश्नच नव्हता. सेलवर चालणाऱ्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ग्रँड सेइको या जपानी कंपनीचे ९एफ हे क्वार्ट्झ मशीन वर्षाकाठी १० सेकंदांच्या आत राहते. उलट क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या स्विस यांत्रिक मशीनला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. हिशेब पटत होता, पण सेल असेतोवर त्या घड्याळाला माझी काही गरजच नव्हती, आणि हेच मला खटकत होते.

ऑटोमॅटिकचा, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाचा, अनुभव एका मित्राने पंधरा दिवस आपले घड्याळ देऊन घडवला. शनिवारी दुपारी काढून ठेवलेले ते घड्याळ सोमवारी सकाळी बंद पडलेले असे, कारण त्याचा साठा, म्हणजे पूर्ण पीळ बसल्यावर चालण्याची मुदत, ३८ तासांचा. एकदा रात्री अकराच्या सुमारास मी त्याची तारीख पुढे सरकवू लागलो, तेव्हा मित्राने अक्षरशः हात धरला; त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता मोडू शकतो.

स्प्रिंग ड्राइव्ह तर मी जवळजवळ घेतलेच होते. त्यात ताकद स्प्रिंगची, सेल नाही, आणि वेगावर नियंत्रण क्वार्ट्झचे. सेकंदकाटा ठोके न देता पाण्यासारखा सरकतो. दुकानात बराच वेळ पाहत राहिलो, मग सवयीने कानाला लावले. टिकटिक नव्हती.

घरी आल्यावर कपाटातून वडिलांचे एचएमटी जनता काढले. दुरुस्तीहून आल्यावर रोज सकाळी चावी देऊन त्याची चूक मी वहीत लिहू लागलो. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी एक युक्ती सांगितली होती: रात्री तबकडी वर करून ठेवले की ते पुढे जाई, चावीची बाजू वर करून उभे ठेवले की बरेचसे मागे येई. महिनाभर या खटाटोपात इतका रमलो की निवड आपोआप झाली.

शेवटी ओमेगाचे स्पीडमास्टर घेतले, चावीचेच, ३८६१ मशीनचे, ज्याचा साठा ५० तासांचा आहे आणि मागच्या काचेतून बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची लय राखणारे चाक, हलताना दिसते. तक्रार एकच, त्याची चावी कडेच्या उंचवट्यात दबलेली असल्याने अंगठा निसटतो. जनताची चावी बोटांत नीट बसते. सकाळी आधी तिलाच पीळ देतो.