नंदवाळच्या वाटेवर चंगाईची गोष्ट

आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळच्या विठ्ठल मंदिराला जी पायी दिंडी जाते, तिच्यात यंदा मीही चाललो. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण शेजारच्या अक्कांचा गुडघा धरलेला, पोरगा पुण्यात, आणि चालत जाणारच हा हट्ट. सोबत कुणीतरी हवंच होतं. टाळही मला परका नाही, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं ऐकतच मी वाढलो.

मिरजकर तिकटीपासून पावसानं गाठलं. साने गुरुजी वसाहत मागं पडेपर्यंत अक्का अभंगातून बाहेर आल्या नाहीत. पुईखडीचा चढ लागला तशा त्या कडेला थांबल्या. गुडघ्याचा पट्टा भिजून ओघळला होता, तो पिळला, पुन्हा आवळून गुंडाळला, पिन तोंडात धरूनच म्हणाल्या, "तुमच्यात डोस्क्यावर हात ठिवून बरं करत्यात म्हणं. खरं हाय काय रं?"

"खरं हाय की. पण लोक सांगतात तसं नाही," मी म्हटलं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय, आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी. आमच्या घरी हे झालंय. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले, भावाच्या कपाळाला तेलाचं बोट लावलं, बाकीचे मागं उभे राहिले. प्रार्थना झाली, मग चहा. माईक नाही, आरडाओरडा नाही.

भावाला फिट येते. पुढं कुणीतरी त्याला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला, नेलं. तिथल्या वक्त्यानं स्टेजवरून सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या टाकून द्या. यानं टाकल्या. महिन्याच्या आत भर बाजारात पडला, कपाळ फुटलं. त्यावर उत्तर काय, तर तुझा विश्वास कमी पडला! त्या वाक्याचा राग मला अजून आहे. टाके निघाले, पण ते वाक्य त्याच्या मनातून जाता जात नव्हतं.

बायबल वेगळंच सांगतं. मार्कच्या नवव्या अध्यायात फिट येणाऱ्या पोराचा बाप येशूपुढं रडतो : विश्वास धरतो, पण माझा अविश्वास तूच घालव. असा अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेला माणूस, तरी त्याचं पोरगं बरं झालं. विश्वास म्हणजे काही चंगाईची फी नव्हे. आणि येशूचा प्रेषित पौल! ज्याच्या हातून लोक बरे होत, त्यानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून पुढचा प्रवास केला. आपला शिष्य तीमथ्य याच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा लाडका सोबती लूक तर वैद्यच होता.

आमच्या भागात मिशनरी आले तेही नुसती प्रार्थना घेऊन आले नाहीत. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला. डॉक्टरनं हात लावला म्हणजे देवाचा हात निघाला, असं आमच्या म्हाताऱ्यांना कधी वाटलं नाही.

पुढं चालणारे एक माळकरी ऐकत होते. मान न वळवता म्हणाले, "नवसानं पोरं होत असती तर नवरा कशाला करायचा, तुकोबांनी इचारलंयच की." अक्का एवढ्या हसल्या की पुन्हा थांबावं लागलं.

पुईखडीवर रिंगण झालं. गर्दीत घोडा कमी आणि छत्र्याच जास्त दिसल्या. राजगिऱ्याचा लाडू मात्र चांगला होता.

नंदवाळात मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो नाही. ते अक्कांना ठाऊक होतं, त्यांनी आग्रह केला नाही. चप्पल आणि पिशवी माझ्याकडं देत म्हणाल्या, "तुझ्या भावाचं इठ्ठलाला सांगतो मी. चालंल न्हवं?"

"चालंल की. मी रविवारी मंडळीत तुमचं नाव देतो प्रार्थनेला. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख चुकवायची नाही."

"चुकवायला मी काय येडी हाय? पैसं भरून आलोय." आणि रांग सरकली तशा त्या पुढं गेल्या.