बेबाकी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि बाकीच्यांनी लगेच सहलीचे, गॅदरिंगचे फोटो टाकायला सुरुवात केली. माझ्याकडे त्या वर्षांतला एकही फोटो नाही. माझ्याकडे एक कागद आहे, म्हणजे हातात नाही, आठवणीत आहे, हेडसरांनी घडी करून शर्टाच्या खिशात टाकलेला.

मी १९८९ च्या दहावीच्या बॅचची. होस्टेलला पाचवीतच आले कारण दिवाळी झाली की माय आणि दादा, म्हणजे वडील, ऊसतोडीला जायचे, मुकादमाची उचल घेतलेली असायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रक दारात आला की घराला कुलूप ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. आमचं घर ख्रिस्ती, माय ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग म्हणत मोळ्या बांधायची असं ती स्वतःच सांगायची. आणि सहा महिने दोघांनी हाडं मोडून हिशोबाला बसलं की बहुतेक वेळा निघायचं काय तर अजून थोडी बाकी आहे, ती पुढच्या वर्षावर. त्यामुळं मला अ आ इ च्या आधी कुठला शब्द कळला असेल तर तो बाकी.

शाळेत पण तो सुटला नाही. शनिवारी सकाळची शाळा, मैदानावर सगळे उभे, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग प्रभूची प्रार्थना आणि ती संपली की हेडसर होस्टेलच्या खानावळीची थकबाकी वाचायचे. त्या काळी बऱ्याच ठिकाणी असं असायचं, त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे, ज्याचं नाव यायचं त्याला सोडून. माझं आडनाव अ वरून, म्हणजे पहिलं नाव माझंच. सातवीतली गोष्ट, जानेवारीची थंडी, अंगात मायचा जुना स्वेटर. प्रार्थना चालली होती. बायबलातल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली ही प्रार्थना आपल्या मराठीत आहे ती ऐका एकदा नीट, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड". पाप नाही, अपराध नाही, सरळ ऋण, दुकानदाराच्या वहीतला शब्द. आमेन झालं. सरांनी कागद उघडला, चष्मा लावला, माझी मान आपोआप खाली गेली. आणि काहीच ऐकू आलं नाही. वर बघितलं तर सर कागदाकडं बघत उभे, ओठ हलले पण आवाज नाही, मग त्यांनी कागदाची घडी केली, परत घडी केली, खिशात टाकला आणि म्हणाले, वर्गात जा. त्यानंतर मी शाळेत होते तोवर ती यादी कधी वाचली गेली नाही. सर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, भाषण नाही, काही नाही.

पाडवा झाल्यावर दादा पैसे घेऊन आले तर ऑफिसातले क्लार्कमामा म्हणाले, जमा आहे. दादा म्हणले, आवं मी तर आत्ता यायलोय कारखान्यावरून, कोण भरलं? मामा म्हणाले, जमा आहे म्हणलं ना. दादाला त्या रात्री झोप नव्हती. त्यांना वाटलं काहीतरी चूक झालीय आणि पुढं कधीतरी व्याजासकट निघंल. बाकी नसणं हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळं आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. सुगीला दादांनी ज्वारीचं एक पोतं आणून होस्टेलच्या स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं आणि कुणाला न सांगता निघून आले. मग दरवर्षी, पाऊस बरा झाला तर.

कृपा हा शब्द त्याच वर्षी आम्हाला बायबलच्या तासाला बाईंनी शिकवला, मत्तयाचा विसावा अध्याय, द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. मालक पहाटे मजूर लावतो, मग दुपारी लावतो, अगदी दिवस मावळायच्या तासभर आधी चौकात रिकामे उभे दिसले त्यांनाही लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो. द्राक्षाचा मळा आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता, आता जालन्याजवळच्या आपल्या कडवंचीला शेततळ्यांवर द्राक्षाच्या बागाच बागा आहेत पण तेव्हा आम्हाला द्राक्ष म्हणजे आजारी माणसाला न्यायची वस्तू. म्हणून बाई म्हणाल्या, समजा कापसाची वेचणी आहे. लगेच मागून एक पोरगी, बाई कापूस किलोवर असतो, रोजावर नसतो. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, बरं, खुरपणी. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मालकाला नावं ठेवली, अर्धा वर्ग ऊसतोड्यांचा आणि रोजंदारीवाल्यांचा, आम्हाला तो अन्यायच वाटला. बाईंनी आम्हाला गप्प केलं नाही. एवढंच विचारलं की संध्याकाळपर्यंत चौकात का उभा होता तो माणूस? बायबलमध्येच उत्तर आहे, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. लेबर नाक्यावर दिवसभर उभं राहून कुणी उचललं नाही की घरी कसं जायचं असतं ते आम्हाला बाईंपेक्षा जास्त माहीत होतं. वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवशी मी मालकाचा राग सोडला, निदान अर्धा.

त्याच बाई आम्हाला एकदा बेथेलला घेऊन गेल्या होत्या, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ वसवलेलं गाव. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्या म्हणाल्या, ज्यांना गावात हक्काची जागा नव्हती त्यांना इथं घर मिळालं. आणखी काय काय सांगितलं ते आठवत नाही, चिंचा खूप खाल्ल्या ते आठवतं.

दहावीला मला गणितात ३१ पडले आणि चार मार्कांची ग्रेस मिळाली. मी रडत होते, बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क आणि इथं ग्रेस. बाई म्हणाल्या, अगं ग्रेस म्हणजे काय सांगितलं होतं मी? कृपा. आपण कमावलेलं नाही तरी पदरात पडलेलं. आता पुढं जा. आजही कुणी ग्रेसने पास झालं की लोक तोंड बारीक करून सांगतात आणि मला ते फार लागतं, पूर्ण मराठवाड्यात हा एकच ख्रिस्ती शब्द घराघरात पोचलाय आणि तो लाज म्हणून पोचलाय.

पुढं मी बँकेत लागले, खेड्यातली शाखा. आता जे लिहिते ते घरी पण नीट सांगितलेलं नाही. एका मार्चअखेरीला वसुलीसाठी आम्ही गावोगाव फिरत होतो, चावडीसमोर जीप उभी करायची आणि लाउडस्पीकरवर थकबाकीदारांची नावं वाचायची. साहेबांचा घसा बसला म्हणून माईक माझ्याकडं आला. मी वाचली. पूर्ण यादी वाचली. मधे एका नावाला समोरच्या ओट्यावर एका बाईनं पदर पुढं ओढला आणि मला माझा स्वेटर आठवला, सर आठवले, तरी मी वाचत राहिले कारण खाली सोळा नावं अजून होती आणि टार्गेट होतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तो चाकर आहे, ज्याला मालकानं न फिटणारं कर्ज सोडलं आणि तो बाहेर येऊन दुसऱ्याचा गळा धरतो, तो भाग चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा मी अजूनही खाली बघते.

मग २००८ ची कर्जमाफी आली, पाच एकरांपर्यंतच्यांना पूर्ण. नंतर २०१७ ला दीड लाखाची, २०१९ ला दोन लाखाची. कर्जमाफी म्हणजे कृपा असं मी म्हणणार नाही, तिला अटी असतात, याद्या असतात, निवडणुका असतात, कोरडवाहू सात एकरवाला पूर्ण माफीच्या बाहेर आणि बागायती चार एकरवाला आत असलं पण झालं. नियमित फेडणारा एक जण काउंटरवर पावत्या आपटून म्हणाला, मॅडम, म्हणजे मी फेडलं ते मीच येडा का? माझ्याकडं उत्तर नव्हतं, त्याचं म्हणणं खरं होतं, पहाटेपासून राबलेल्या मजुरांचं होतं तेच. पण बेबाकीचा कागद हातात घेणाऱ्यांचे चेहरे मी बघितलेत. आपल्याकडं निजामाच्या राज्यापासूनचा शब्द, बेबाकी, बाकी नाही. एक म्हातारे तो कागद घेऊन बाकावर बसून राहिले, जेवणाची सुट्टी झाली तरी उठेनात. विचारलं काय झालं बाबा, तर म्हणाले, काई नाई माय, बसावं वाटायलंय.

आता तर सगळंच मोजलं जातंय. कर्ज कसं फेडलं ते मोजणारा सिबिल स्कोअर जुनं काही विसरत नाही, सेटलमेंट केली तरी वर्षानुवर्षं डाग. भाचा लातूरला नीटची तयारी करतो, तिथं दर टेस्टनंतर रँक लागते, पोरगं फोनवर आधी रँक सांगतं आणि मग कसा आहे ते. पण त्याच लातुरात त्याच्या मेसवाल्या मावशी, दोन महिने पैसे पोचले नाहीत तर डबा बंद केला नाही आणि आम्हाला कळू पण दिलं नाही. ख्रिस्ती नाहीत त्या, दारात तुळस आहे. मला मात्र तिथं हेडसर दिसले.

बँकेत शिकले ते एक सांगते. माफ झालेलं कर्ज हवेत विरत नाही, ते कुणाच्या तरी नावे पडतंच, एका बाजूला शून्य लिहायचं तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी आकडा घ्यावा लागतो. क्रूसाचा अर्थ, आमचं ऋण ख्रिस्तानं आपल्या नावे घेतलं तो, मला उपदेशातून कळला नव्हता, तो खातेवहीतून कळला. आणि तेव्हाच डोक्यात आलं की मग त्या यादीतल्या बाक्या कुणाच्या नावे पडल्या? दाखल्याच्या कामासाठी शाळेत गेले होते तेव्हा क्लार्कमामा भेटले, खूप थकलेले. आधी सांगेनात. मग म्हणाले, हेडसर स्वतःच्या पगारातून कापायला लावायचे दर महिन्याला, दोन वर्षं चाललं, मला शपथ घातली होती. सर तेव्हा गेलेले होते, मला त्यांना काहीच म्हणता आलं नाही.

दादा पण आता नाहीत. शेत आहे, यंदा ज्वारी बरी झालीय. महोत्सवाच्या आदल्या दिवशी एक पोतं होस्टेलच्या स्वयंपाकघराच्या दारात येईल, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. पावती करू नका.