पेटीतली चिठ्ठी: आंबा थेट विकण्याचा माझा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाजवळ आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. २०२० पर्यंत सगळा आंबा वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलालाची पट्टी आली की त्यावर जो आकडा असेल तो आपला भाव, हे माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर मान्य केलेलं. त्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन लागलेलं आणि झाडावरचा आंबा तर थांबत नाही. पुण्यातल्या माझ्या नणंदेने तिच्या सोसायटीत विचारलं आणि चाळीस पेट्या टेम्पोने थेट तिच्या दारात गेल्या. तेव्हा लोकांना आंबा मिळतोय यातच आनंद होता, त्यामुळे विकणं किती अवघड आहे ते कळलंच नाही.

ते कळलं २०२२ ला. बाजार पुन्हा भरले होते आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज दहा आंबेवाल्यांचे मेसेज येत होते. मीही एक झकास पोस्टर करून घेतलं. पिवळी अक्षरं, कापलेल्या आंब्याचा फोटो, ‘अस्सल, रसाळ, नंबर एक रत्नागिरी हापूस’. ते सगळ्यांना पाठवलं आणि दिवसभर उत्तरं देत बसले. भाव काय? कोथरूडला कधी येणार? फळ केवढं? कार्बाइड नाही ना लावलेलं? तयार आहे की कच्चा? संध्याकाळी आलेले प्रश्न वहीत उतरवून काढले, तेव्हा दिसलं की साठ-सत्तर माणसं मिळून एवढेच पाच प्रश्न विचारत होती, आणि माझ्या पोस्टरवर त्यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज मी त्या वहीवरून लिहिला. ‘नमस्कार. १८ एप्रिलची काढणी. फळ २३० ते २६० ग्रॅम. पाच डझनाची पेटी ३५०० रुपये, पुण्यात घरपोच, भाडं धरून. कोथरूड, कर्वेनगर शनिवारी संध्याकाळी. आंबा कच्चा आहे, भाताच्या पेंढ्यात पिकेल, खायला साधारण आठ दिवस.’ सोबत त्याच सकाळी अंगणात काढलेला पेटीचा फोटो, डागाळलेली दोन फळं दिसतायत तशीच. भाव आधीच सांगितला तर लोक फिरकणार नाहीत अशी मला भीती होती. झालं उलटंच. विचारणारे कमी झाले, पण जे विचारत होते ते घेत होते.

व्हॉट्सॲपची एक गोष्ट मात्र मला महिनाभर कोणी सांगितली नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. माझ्या यादीत १८० जण होते. एकदा मेसेजची माहिती उघडून पाहिली तर जेमतेम पस्तीस जणांना तो पोचलेला. मग प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला, ‘काकू, नंबर सेव्ह करून ठेवाल का, म्हणजे गाडी निघाली की कळवता येईल.’ चार दिवस गेले त्यात. तेव्हापासून ती ओळ पेटीतल्या चिठ्ठीवर सगळ्यात वर असते.

व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी लावता येते, त्या कॅटलॉगमध्ये भाव लिहू नका, निदान आंब्याचा तरी. आमचा भाव आठवड्याला बदलतो. जुना भाव दाखवून एका गिऱ्हाइकाने वाद घातला आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून त्याच भावात पेटी दिली.

आता त्या चिठ्ठीबद्दल. कर्वेनगरच्या एका बाईंनी चार आंबे कापले, त्यातल्या तीनांत साका निघाला. सालीजवळ फळ चांगलं, आत कोयीभोवती पांढुरकं, स्पंजासारखं. त्यांनी फोटो थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी घाबरून दोन दिवस गप्प राहिले. तेवढ्यात आठ ऑर्डरी रद्द झाल्या. तिसऱ्या दिवशी फोन केला, माफी मागितली आणि साका म्हणजे काय ते समजावलं: उन्हाच्या तापाने, फळ झाडावर जास्त तयार झालं की तो होतो आणि बाहेरून अजिबात ओळखता येत नाही. पुढच्या गाडीला त्यांना डझनभर फळं दिली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अगं, हे आधी सांगितलं असतंस तर मी ग्रुपवर कशाला टाकलं असतं?’

मी ते आधी सांगायचं ठरवलं. सासरे म्हणाले, ‘असं लिहिलंस तर गिऱ्हाईक पळेल.’ त्यांचं म्हणणं मला पटत होतं, तरी छापलं: ‘हापूसमध्ये क्वचित साका निघतो. आम्ही फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावर, सकाळच्या वेळी, झेल्याने (जाळीच्या काठीने) काढतो, तरीही निघू शकतो. कापलेल्या फळाचा फोटो आम्हाला पाठवा, पुढच्या गाडीला बदली फळ देऊ. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका.’ त्या हंगामात बदलीची फळं दिली ती सगळी मिळून सहा डझनही नव्हती. त्यानंतर ग्रुपवर एकही फोटो पडला नाही. जे आले ते माझ्याकडे आले. आता पेट्या भरताना सासरेच विचारतात, ‘चिठ्ठी घातलीस ना?’

चिठ्ठीच्या मागे मानांकनाचा नोंदणी क्रमांक असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव वापरायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते. ती जरूर करा. ‘खरा रत्नागिरी कशावरून?’ या प्रश्नाला तेच सरळ उत्तर आहे.

हंगाम संपला की पूर्वी मी गप्प व्हायचे आणि जूनमध्येही फोन येत राहायचे. आता पहिला पाऊस पडला की एक मेसेज जातो: ‘आंबा संपला. उरलेला कॅनिंगला गेला. जानेवारीत मोहोराचा फोटो पाठवेन, त्यावरून यंदा केव्हा सुरू होईल ते सांगता येईल.’ गेल्या वर्षी पहिला मोहोर गळाला, तेही तसंच कळवलं, फळ मे उजाडल्यावर येईल म्हणून. कर्वेनगरच्या त्या बाईंचं उत्तर आलं, ‘थांबते. दोन पेट्या.’