लिंबूटिंबू

भाचीच्या शाळेत कसलासा प्रकल्प होता. घरोघर जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे आणि कागदावर खुणा करायच्या. रविवारी सकाळी ती वही घेऊन माझ्यापुढे बसली.

"मामा, तुला खेळ खेळायला आवडतात की बघायला?"

"दोन्ही."

"तसं नाही चालत. दोनच चौकोन आहेत."

मी चहा संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. तेवढ्यात ती शेजारी जाऊन आली. तिथल्या आजोबांनी म्हणे क्षणात 'बघायला' सांगून टाकलं. त्यांचा गुडघा बदलून दोन वर्षं झालीत, त्यांचं ठीक आहे. माझा कप रिकामा झाला तरी चौकोन रिकामाच राहिला.

माझी अडचण जुनी आहे. खेळातली माझी कारकीर्द लिंबूटिंबू म्हणून सुरू झाली. लपाछपी असो की विषामृत, माझ्यावर राज्य कधी यायचं नाही आणि मला कुणी बादही करायचं नाही. 'त्यालाही घ्या रे' असा आईचा दम असे, म्हणून थोरली भावंडं घ्यायची. सगळे पळाले की मी पळायचो, सगळे ओरडले की ओरडायचो, आणि डाव माझ्यावाचून बिनबोभाट चालू असायचा. खेळाच्या अगदी मधोमध उभं राहून मी खेळ बघत होतो. एवढ्या जवळची जागा पुढं पैसे मोजूनही कुठं मिळाली नाही.

मग क्रिकेटमध्ये बढती झाली, पण उताराच्या बाजूला. आमचं घर माची पेठेत. सातारकरांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी अजिंक्यताऱ्याचा पायथा डोळ्यांपुढं आणावा. आमच्या गल्लीला असा उतार, की हातातलं लाटणं निसटलं तर चार घरं खाली कुणाच्या तरी उंबऱ्याशी सापडावं. फलंदाज वरच्या अंगाला, गोलंदाज खालच्या. बिचाऱ्याला चढावर पळत येऊन चेंडू टाकावा लागे, आणि सरळ मारलेला फटका थांबायचं नाव घेत नसे. गटारात गेला तर दोन धावा, भिंतीपलीकडं गेला तर आऊट, आणि तो आणायचा मारणाऱ्यानंच. सगळ्यात खाली, वळणावर, मी. चेंडू मला दिसायच्या आधी ऐकू यायचा. पळत जाऊन तो पकडायचा, शर्टाला पुसायचा आणि चढण चढून वर द्यायचा. तोवर वरची दोन भांडणं होऊन मिटलेलीसुद्धा असायची. फलंदाजीला माझा नंबर शेवटचा, आणि तो येईतो दिवेलागण.

तरी त्या गल्लीतला खेळ माझ्याइतका कुणी पाहिला नसेल. कोण फटक्याआधी डावा पाय उचलतो, कोण चिडला की आडवीच बॅट फिरवतो, कोण बाद झाल्यावर आधी आईच्या खिडकीकडं बघतो, हे मला आजही पाठ आहे. त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. खेळताना कुठली आलीय फुरसत!

बघणाऱ्याला आपण उगीच आळशी ठरवतो. तसं वाटणाऱ्यानं आमच्याकडच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडात एकदा बसून दाखवावं. पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या होतात, मग बक्षिसाचा आकडा चढत जातो, हलगी कडाडायला लागते, आणि मोठी जोड खडाखडीला लागली की सगळा फड पुढं सरकतो. अशाच एका यात्रेत माझ्या शेजारी फेटेवाले एक म्हातारबाबा बसले होते. लाल अंगाचा पैलवान नुसताच मानेवर जोर देत होता आणि बाबांना ते सोसवेना. "आरं आत शिर की! पट काढ!" म्हणता म्हणता त्यांनी माझीच मांडी दोन्ही हातांनी धरून उचलली. मी मागच्या माणसाच्या पायांवर उताणा. नियमानं पाहिलं तर चितपट.

"माफी करा पाव्हणं, राहवलं नाय बघा," ते म्हणाले.

माझी पाठ झाडून देताना त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांचा कान दिसला. मोडलेला, गोळा झालेला, पैलवानाचा कान. या माणसाची खूण भाचीनं कुठल्या चौकोनात केली असती?

आमच्या आजोबांची तर तऱ्हाच न्यारी. त्यांनी जी कुस्ती आयुष्यभर सांगितली ती त्यांनी पाहिलेलीच नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं मिळायला १९९६ उजाडावं लागलं. आजोबांना यातली सालं सांगता यायची नाहीत, पण जपानच्या इशीबरोबरची झुंज ते अंगणात उभं राहून सांगायचे. इशीचा हात कुठं होता, खाशाबांनी मान कशी सोडवली, आणि लगेच, दम खायलाही न देता, पुढच्या कुस्तीला कसं उभं केलं. सांगता सांगता त्यांचं धोतर सुटायला यायचं. टीव्ही नव्हता, हेलसिंकी कोणत्या दिशेला हेही माहीत नव्हतं. पण खाशाबांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांची निघाली होती, आणि त्यातली एक गाडी आपली होती, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आपल्या गोठ्यात तेव्हा बैल होते का, याबद्दल आजीचं मत वेगळं होतं.

याच्या अगदी उलट तिरंदाजी. २०२३ साली आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेती झाली. १५० पैकी १४९ गुण. मी ती लढत मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली आणि मला काहीही दिसलं नाही. पन्नास मीटरवरचं ते दहा गुणांचं वर्तुळ आठच सेंटिमीटरचं, चहाच्या बशीतल्या खोलगट भागाएवढं. बाण सुटतो आणि एकदम तिथं असतो. मधलं जे काही घडतं ते त्या मुलीलाच ठाऊक. तरी मी टाळ्या वाजवल्या, स्वयंपाकघरातून दाद आली नाही तेव्हा पुन्हा वाजवल्या.

त्याच्या बऱ्याच आधी, २०१२ पासून, आमच्या गावात हिल मॅरेथॉन सुरू झाली. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तसंच खाली यायचं. २०१५ साली तर २,६१८ धावपटू डोंगर चढून आले आणि गिनेस विक्रम झाला. कितीतरी वर्षं मी समर्थ मंदिराच्या बाजूला उभा राहून धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. कुणाचा चेहरा कसा होतो, कोण घड्याळ बघतं, कोण देवळाकडं बघून हात जोडतं, कोण फोड घेऊन 'थँक्यू' म्हणतं, सगळं टिपलं. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काय अंगात आलं कोण जाणे, नाव नोंदवलं.

धावलो. म्हणजे चढ चाललो आणि उतार धावलो. घाटात ढग उतरलेले, पाऊस बारीक. त्या सगळ्या वाटेवर मी काय पाहिलं असेल? पुढच्या माणसाची ओली पाठ आणि माझे बूट. लेझीम होतं म्हणे, मला ढोलाचा नुसता गोंगाट ऐकू आला. घरी आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तीन हाका मारल्या मी. फोडसुद्धा माझ्याच हातातून घेतलीत."

"मी कसा दिसत होतो?"

"सगळा ढग होता. पण तुमचं ते डावा पाय बाहेर फेकणं लांबून ओळखलं."

माझा डावा पाय बाहेर पडतो हे मला तेव्हा कळलं. मग तिनं सगळं सांगितलं: पुढं कोण होतं, कोणती आजी माझ्या पुढं निघून गेली, वळणावर मी कसा भिंतीला टेकलो. माझी शर्यत मी तिच्या तोंडून पाहिली.

भाचीनं शेवटी कंटाळून कुठल्या तरी चौकोनात खूण केली असावी. मी विचारलं नाही.

परवा संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन गल्ली चढत होतो. वरून आवाज आला, तोच ओळखीचा, टप टप टप. चेंडू दिसायच्या आधी माझा पाय आडवा गेला होता. अडला! जोशात उचलून वर फेकला तो थेट गटारात.

"ओ काका, फेकू नका, नुसता अडवा!" वरून एकजण ओरडला. "तिथंच थांबा जरा. खाली आमचं कुणीच नाही."

"काका कुणाच्यात रे?" दुसऱ्यानं विचारलं.

"कुणाच्यात नाहीत. दोन्हीकडनं."

मी पिशवी कुणाच्या तरी पायरीवर ठेवली आणि वळणावर जाऊन उभा राहिलो.